ऑपरेशननंतरचे बाजार

शेलूबाजारच्या आठवडी बाजारात आम्ही आसेगावचे तीन-चार माळी भाजी घेऊन एका ओळीत बसायचो. बाजार उठला की भाजी कधी उरायची, कधी नाही. किस्सा मात्र एखादा उरायचाच. इंग्रजांच्या शेवटच्या काही वर्षांत मी आजारी पडलो, आणि त्यानंतरचे बहुतेक किस्से माझेच आहेत.

झालं असं, की बैलाचं शिंग माझ्या पोटात घुसलं. नागपूरला ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, "जठरामागं स्वादुपिंड असतं. तुमचं बरंच काढावं लागलं. आता साखरेचा आजार राहील, रोज इंजेक्शन घ्यावं लागेल."

घरी आलो तेव्हा बाजारात माझ्या शेजारी बसणारा किसन भेटायला आला. सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बैल कसा हाये?"

*

जखम भरली, पण ताकद परतली नाही. वांगी मांडली की मी पोत्याला टेकायचो. एकदा डोळे उघडले तर टोपली रिकामी. सगळी किसननं विकली होती. "तू झोपला का गिऱ्हाईक घासाघीस करत नाही. रोज झोपत जाय!"

सगळे हसले, मीही हसलो. मी झोपलो नव्हतो. सगळं ऐकू येत होतं, बोलायचं त्राण नव्हतं. ते सांगायचं राहूनच गेलं.

*

वाशिमचे डॉक्टर निळ्या औषधात लघवी उकळून पाहायचे. साखर असली की रंग लाल व्हायचा. त्या दिवशी निळाच राहिला.

"साखर नाही. तब्येत उत्तम."

"थकवा लय येते, डॉक्टरसाहेब. विहिरीपर्यंत गेलो का बसा लागते."

त्यांनी नळी पुन्हा उजेडात धरली. "यात तर काही दिसत नाही."

"मंग उद्या मोट या नळीलेच हाकू द्या."

ते हसले नाहीत.

*

इंजेक्शननंतर जेवायला उशीर झाला की अंगातली साखर एकदम उतरायची, हातपाय थरथरायचे. एका बाजारी तसाच रस्त्यात बसलो, जीभ जड झाली. मी दारूला कधी शिवलो नव्हतो, पण लोक म्हणाले, "दिवसाच पिऊन राह्यला."

किसननं तोंडात साखर कोंबली. थोड्या वेळानं उठून बसलो, तर एक अनोळखी म्हातारबा वाकून विचारतात, "इतक्या लवकर उतरली? कोन्या दुकानातली व्हती?"

*

लग्नाच्या पंगतीत मी बुंदी नको म्हटलं. "रुसले का भाऊ?" म्हणत लग्नघरचे सगळे हात जोडून उभे राहिले. त्यांच्याकडच्या पुढच्या लग्नाचं बोलावणंच आलं नाही. "तुमाले उगीच तरास कायले," म्हणाले.

*

माझी बायको रुखमा. ऑपरेशननंतर तिनं घरात गोड करणंच सोडलं, पोळ्यालासुद्धा. "मले नाहीच आवडत," म्हणायची.

एका पोळ्याच्या दुपारी मी काठी टेकत मळ्यात गेलो. वालाच्या वेलांमागं ती पाठमोरी बसली होती. हातात पुरणपोळी, शेजारणीनं दिलेली असावी. घाईघाईनं खात होती. माझं पाऊल वाजलं तसा तिनं हात पदराखाली घेतला.

"शेंगा तोडून राह्यली," ती म्हणाली.

वेलांना अजून फूलही आलं नव्हतं.

"तोड," मी म्हटलं. "मी मंग येतो."