पातळ आलं

माझ्या चष्म्याचा नंबर तेव्हा उणे बारा होता. काचांच्या कडा एवढ्या जाड की चहाची बशी ठेवावी, आणि मागे डोळे तिळाएवढे. मी लाकडाच्या डेपोत कारकून. सागाच्या ओंडक्याची वलयं मोजावीत तशी माझ्या काचेतली वलयं मोजून हमाल माझं वय सांगत, आणि बरोबर सांगत.

याचं दुःख नव्हतं. पण माझा साडू, राजुऱ्याचा मास्तर, त्याचाही नंबर बाराच. तो एका दिवाळीला नागपूरहून पातळ काचा घालून आला आणि माझी बायको सगळ्यांदेखत म्हणाली, "अगं माय! भाऊजीचे डोळे दिसून राह्यले! कसे टपोरे हायेत!"

माझ्या पोटात जी आग लागली, तिच्यावर सूरजागडच्या डोंगरातलं सगळं लोखंड वितळलं असतं. आमच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती. माझ्या डोळ्यांबद्दल एक अक्षर नाही!

गेलो चांद्याला. चष्मेवाला म्हणाला, "प्लास्टिक हलकं, भाऊ, पण तुमच्या नंबरात जाडच दिसन. ही नवी काच पातळ, पण जड. नाकाले इचारा."

"नाकाले काय इचारता? पातळच पाहिजे!"

काच नागपूरहून यायला तीन आठवडे लागले. आली तेव्हा चष्मेवाल्याने एसटीच्या कंडक्टरजवळ निरोप धाडला. मी लाकडाच्या डेपोत; कंडक्टरने बसमधूनच बायकोला ओरडून सांगितलं, "बाई, भाऊले सांगजा, पातळ आलं!"

मला तिने एवढंच सांगितलं, "चांद्याले बोलावलं हाय," आणि अशी लाजली की मी विरघळलो. म्हटलं, डोळ्यांची वाट पाहून राह्यली बिचारी.

रविवारी नवा चष्मा लावून आलो. नाकावर जणू वरवंटा. अंगणात बायको, अर्धी आळी, आणि मुद्दाम बोलावलेले साडू-साळी. बायको माझ्या तोंडाकडे बघेचना, हाताकडे बघत होती.

"कुठी हाय?"

"काय?"

"पातळ!"

"हे काय, नाकावर."

आळी हसली, ती अजून हसत असेल. मी हळूच विचारलं, "डोळे तरी दिसून राह्यले का?"

"दिसून राह्यले. मग? डोळे नेसू का मी?"

काच मात्र फार स्वच्छ. तिच्यातून पहिलंच काय दिसलं, तर साळीच्या अंगावरचं कोरं पातळ, काठावरचा एकेक मोर चोचीसकट. साडूने दिवाळीच्या त्याच फेरीत दोन्ही पातळं आणली होती, लबाडाने!

मी चष्मा काढून खिशात ठेवला. मोर गेले, साळी गेली, बायकोचा चेहराही गेला. धुक्यातून साडूचा आवाज तेवढा आला, "पातळ झकास हाय बरं, भाऊ."

कोणतं, ते मी अजून विचारलेलं नाही.