धाकट्याकडे गेलेला पट्टा

"मुखिया लास्ट!"

दुबईजवळच्या रास अल खैमातल्या आमच्या इमारतीत आगीचा भोंगा वाजला, की चौथ्या मजल्यावरचा म्हातारा आर्मेनियन जिन्यात उभा राहून असं ओरडायचा. भोंगा नेहमी खोटाच. आम्ही पासपोर्ट छातीशी धरून पळायचो. हा दारं ठोठावत, सगळे गेल्याची खात्री करून, ऐटीत शेवटी उतरायचा.

त्याचं घराणं डोंगरातल्या एका गावाचं मुखिया. बापाचा कमरपट्टा आणि खंजीर थोरल्या मुलाकडे यायचा. शत्रू चालून आला, की बायकापोरांसकट गाव आधी कड्यावर जायचं. मुखियाने घरोघरच्या चुली विझवायच्या आणि सगळ्यांत शेवटी निघायचं.

मी तेव्हा पन्नाशीची, नुकतीच आजी झालेली. पण हे ऐकताना सोळा वर्षांच्या पोरीसारखी तोंड उघडं टाकून बसायचे. "अगं, दूध!" आमचे हे ओरडायचे. खंजीरवाल्यापुढे दुधाची काय मातब्बरी! अशा वेड्या बायका तुम्हीही पाहिल्या असतील.

थोरला खरं तर हाच. पण टाइल्सच्या फॅक्टरीत नोकरी लागली, हा इकडे आला आणि पट्टा धाकट्याकडे गेला.

मग तिकडे लढाई पेटली आणि त्याचं गाव रिकामं झालं. भावाचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा हा आमच्याकडेच चहाला बसला होता. पडद्यावर शाळेचा हॉल, जमिनीवर गाद्या, दाढी वाढलेला भाऊ. दोन-चार वाक्यं बोलणं झालं आणि फोन बंद.

त्यांची भाषा मला कुठली कळायला? त्यानेच इथे शिकलेल्या हिंदीत सांगितलं.

"मैंने पूछा, तेरे पीछे गाँव में कौन रहा? वो बोला, एक बूढ़ी औरत. आने को तैयार नहीं थी."

"तिला टाकून आला?" मी बोलून गेले.

"मैं भी यही बोला, बेहेन. तो उसने पूछा, और तू? तू तो गाँव से सबसे पहले उतरा."

मी लगेच शहाणपणा केला. "भाईसाब, हम सब पेट के लिए आए."

"पेट तो सबका था, बेहेन."

चहा तसाच ठेवून तो उठला.

पुढच्या महिन्यात त्याची मुलगी येऊन त्याला कॅनडाला घेऊन गेली. निरोप घ्यायला तो कुणाकडेच आला नाही. मी बाल्कनीतून हाक मारली, तेव्हा ती बिचारी अजून बॅगा खाली आणत होती. हा आधीच गाडीत जाऊन बसला होता, काच वर करून.