कपॅसिटरात उरलेली वीज

माझा मोठा भाऊ मंगरूळपीरला बसस्टँडजवळ टीव्ही दुरुस्त करायचा. सोल्डरिंगचा डाग द्यायला मला त्यानंच शिकवलं, आणि पुढे आम्ही दोघं एकाच टेबलावर काम करू लागलो.

त्याची मुलगी आर्किटेक्चर शिकते. इमारतीचं चित्र मोठं झालं की तिचा कॉम्प्युटर मध्येच बंद पडायचा. आतल्या पॉवर सप्लायला तेवढा भार पेलवत नव्हता.

"आपणच बनवू, हजार वॅटचा," मी म्हणालो. भाऊ हसला. त्याला ते आवडलं होतं.

सर्किट मी कागदावर काढलं. ट्रान्सफॉर्मर भाऊनं गुंडाळला, तांब्याच्या तारेचा एकेक थर बोटानं दाबत. पहिल्या दोन चाचण्यांत वीज चालू-बंद करणारे मॉसफेट फुटले. तिसऱ्यांदा जास्तीची वीज अडवायला सिरीजमध्ये बल्ब लावला. बल्ब क्षणभर पेटला, विझला, आणि सप्लाय काही सुरू झाला नाही.

"प्लग काढला का?" भाऊनं विचारलं.

"काढला."

मी खरंच काढला होता. भाऊनं बोर्ड उचलला आणि स्टुलासकट मागे कोसळला.

प्लग निघाला तरी वीज साठवणाऱ्या मोठ्या कपॅसिटरांत तीनशेच्या वर व्होल्ट साठून होते. ते उतरायला एक साधा रेझिस्टर लागतो. मला ते माहीत होतं. आधी सप्लाय चालू तर होऊ दे, मग टाकू, म्हणून मी तो सर्किटात धरलाच नव्हता.

वाशिमच्या दवाखान्यात दोन दिवस त्याच्या छातीला वायरी लावून ठेवल्या होत्या. बाहेर बाकावर वहिनी बसलेली.

"वहिनी, चूक माही हाय," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. "त्याले सांग. मले सांगून काय होते?"

सांगायला मला आठवडा लागला. तोवर भाऊ घरी आला होता, खाटेवर पडून असायचा. मी कागद त्याच्यापुढे धरला आणि रेझिस्टरची रिकामी जागा दाखवली.

"मले मालूम होतं," तो म्हणाला. "पडल्या पडल्याच समजलं. आन् उचलायच्या आधी मीबी मीटर लावाले पायजे होता."

"मंग बोलला काहून नाही?"

"तू कधी सांगतं, ते पाहून राह्यलो होतो."

मला तिथं बसवेना, पण उठवेनाही.

सर्किट मी नव्यानं काढलं. प्रत्येक रेघ त्याला दाखवली. रेझिस्टर टाकला, आणि वीज उतरली की विझणारा एक लहान दिवाही. मग हीटरच्या तारेचे तुकडे जोडून आख्खी दुपार सप्लाय पूर्ण भारावर चालवला. तो टिकला. पुतणीचा कॉम्प्युटर आता बंद पडत नाही.

भाऊच्या उजव्या हाताची दोन बोटं अजून बधिर आहेत. बारीक स्क्रू त्याला धरता येत नाहीत. ते तो माझ्याकडे सरकवतो, मी बसवतो.