दाजींची मोहरी

स्वतःच्या रानात कमरेएवढी हिरवीगार मोहरी उभी करायची आणि तिचं एक पानही कुणाच्या तोंडाला लागू द्यायचं नाही, असा शेतकरी माझ्या थोरल्या साडूंखेरीज दुसरा नसावा. माझी बायको त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही दाजीच म्हणतो. ते फौजेत सुभेदार होते. तोफांनी त्यांचे कान नेले, आवाज मात्र तोफेचाच ठेवला. कवठे महांकाळजवळ त्यांचं दीड एकर रान आहे. नोकरीत असताना त्यांनी रस्त्याकडेचा कोपरा जुन्या बॅटऱ्या फोडणाऱ्या एकाला वापरायला दिला. अक्का, म्हणजे दाजींच्या पत्नी आणि माझ्या बायकोची थोरली बहीण, नको नको म्हणत होत्या. दाजी पेन्शनीत येईपर्यंत तो माणूस शेड मोडून निघून गेला होता आणि शिसं सगळ्या रानात मुरलं होतं. माती तपासली तेव्हा ते कळलं. अक्का पिशवी भरून मुलाकडे खंडाळ्याला निघाल्या. "मी लावल्याली मेथी मलाच खाता येत न्हाई, मग हितं बसून तुमचं तोंड बघू व्हय? ज्या दिशी ह्या मातीतली मेथी ताटात पडंल, त्या दिशी बोलवा," असं म्हणाल्या आणि एसटीत बसल्या. त्या गोष्टीला आता सहा वर्षं झाली.

तेव्हापासून दाजींनी शिशाशी युद्ध पुकारलं आहे. शेतीकॉलेजातल्या एका बाईंनी त्यांना सांगितलं की मोहरी मुळांवाटे थोडं थोडं शिसं ओढून घेते, आणि मुळांभोवतीचे जिवाणू त्याला धरून ठेवतात, म्हणजे ते रोपाला फार बाधत नाही. दाजींनी त्या जिवाणूंना ताबडतोब भरती करून घेतलं. रोज सकाळी कॅनव्हासचे बूट घालून ते बांधावर ताठ उभे राहतात आणि न दिसणाऱ्या त्या पलटणीला गुळाचं पाणी वाटतात. आपला चहा बिनसाखरेचा, जवानांना मात्र कोल्हापुरी गूळ! मी एकदा विचारलं, "दाजी, हे जिवाणू शिसं मारून टाकतात का हो?" तेव्हा माझ्या अज्ञानाची कीव करत ते म्हणाले, "आवं, शिसं मरत नसतंय. त्याला पकडायचं आन् डांबून ठेवायचं. दुश्मन जित्ताच ऱ्हातो, फकस्त कैदेत." पीक तयार झालं की ते मोहरी मुळासकट उपटतात, वाळवतात आणि झाकणाच्या पिंपात कोंबतात. पुढं कॉलेजची गाडी येऊन पिंपं घेऊन जाते. एकदा निघताना मी गुपचूप चार जुड्या पिशवीत घातल्या होत्या. आमच्या साताऱ्यात अशी मोहरी कुठं मिळते? दाजींनी फाटकात माझी झडती घेतली, जुड्या काढून घेतल्या आणि वर साबणानं हात धुवायला लावले.

हसू येतं, पण या पहाऱ्यापायी माणसं तुटली. एक म्हातारा धनगर दरवर्षी आपली मेंढरं घेऊन त्यांच्या रानात बसवायला यायचा. रानाला खत मिळायचं, मेंढरांना चारा मिळायचा आणि दाजींना चार रात्री गप्पांना सोबत मिळायची. मोहरी लावली त्या वर्षी दाजी काठी आडवी धरून वाटेत उभे राहिले. "मेंढरं आत घालू नगा, मरतील," असं ते त्यांच्या तोफेच्या आवाजात ओरडले. म्हाताऱ्याला तो शाप वाटला. "सुबेदार, येवढी मोहरी आन् आमच्या मुक्या जनावरास्नी एक घास न्हाई?" एवढंच बोलून तो माघारी फिरला. दाजींनी दुसऱ्या दिवशी त्याच्या तळावर जाऊन समजावून बघितलं. पण डोळ्यांना हिरवीगार दिसणारी पानं विषारी आहेत, हे त्याला पटेना. आता तो कळप पलीकडच्या ओढ्यानं जातो. मला वाटतं, त्या दिवसापासून दाजींचा आवाज जरा खाली आला.

यंदा मातीचा रिपोर्ट आला त्या दिवशी मी तिथं होतो. शिसं उतरलं होतं, पण मेथी लावण्याइतकं नाही. दाजी तो कागद पुन्हा पुन्हा वाचत बसले. मला राहवेना. म्हटलं, "दाजी, बाजारातली मेथी आणू, अक्कांना म्हणू आपल्या रानातली. त्यांना काय कळतंय?"

"तिला न्हाई कळणार. मला कळंल की," ते म्हणाले.

मग त्यांनी अक्कांना फोन लावला. कमी ऐकू येत असल्यानं त्यांचा फोन कायम स्पीकरवर असतो.

"औंदा बी न्हाई गं. बाई म्हणत्यात, आजून चार वर्सं तरी."



"चार वर्सं म्हंजी मी सत्तरी पार करीन की," अक्का म्हणाल्या.

दाजी रिपोर्टची घडी घालत राहिले.

"आवं, ऐकताय न्हवं? मोहरीला पाणी कवा देता?"

"सकाळच्याला."

"मग तवा फोन करत जावा. बोलू नगा काय. पाण्याचा आवाज तरी यील."

"बरं," म्हणून दाजींनी फोन ठेवला. मग त्यांनी मला विचारलं, आणि इतक्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं, "पाव्हणं, ती हल्ली सकाळी किती वाजता उठत असंल वं?"