दुसरी चक्कर

चहाने काठोकाठ भरलेली बशी तळहातावर ठेवायची आणि हात काखेखालून वळवत बशी एकदा पूर्ण फिरवायची. कोपर आभाळाकडे, चेहरा लालबुंद, बशी मात्र सरळ. शिक्षकांच्या खोलीत आमचे गणिताचे मास्तर तशाच अवघडलेल्या अवस्थेत थांबायचे आणि म्हणायचे, "अजून एक चक्कर राह्यली, राव." मग बशी त्याच दिशेने डोक्यावरून फिरवली की हाताचा पीळ आपोआप सुटायचा. चहा सांडत नसे. निदान त्यांच्या अंगावर तरी नसे.

तुम्ही म्हणाल, निजामाच्या अमदानीत, जालन्याच्या सरकारी शाळेत हे काय खूळ? आम्हीही तेच म्हणायचो. मास्तरांचं उत्तर तयार असे. "इलेक्ट्रॉनचं बिलकुल असंच हाय. एकदा गरकन फिरवला तर पहिल्यासारखा होत न्हाई, उलटा होतो. दोनदा फिरवला की होतो." दोरी न तोडता, नुसती सरकवून कोणता पीळ निघतो आणि कोणता नाही, याचं गणित त्यांना इलेक्ट्रॉनला लावायचं होतं. मी इतिहास शिकवणारा, मला त्यातली फक्त बशी कळायची. घरी वहिनी तर त्यांना पितळेच्या वाटीतच चहा द्यायच्या. "चिनी मातीचं घरात काई उरलंच न्हाई," म्हणायच्या.

हैदराबादला विद्यापीठात जाऊन हे संशोधन करायचं, एवढा एकच मास्तरांचा ध्यास. पण चाळिशीला आलेल्या शाळामास्तराला तिथे कोण विचारणार? एकदा कळलं, की तिथले भौतिकशास्त्राचे मोठे प्रोफेसर मनमाडहून गाडीने परत चाललेत. मास्तर मला ओढत स्टेशनवर घेऊन गेले. चहावाल्याची बशी घेतली, प्रोफेसरांच्या खिडकीशी उभे राहिले, नाव सांगितलं आणि थेट सुरू. एक चक्कर झाली, कोपर वर गेलं आणि शिट्टी झाली. गाडी हलली. मास्तर तसेच वाकड्या हाताने गाडीबरोबर पळतायत, "साहेब, अजून एक चक्कर राह्यली!" आणि त्यांच्यामागे चहावाला, "मास्तर, बशी!"

मी पोट धरून हसलो. टांग्यात बसल्यावर मास्तर एवढंच म्हणाले, "साहेबांनी एकच चक्कर पाह्यली. म्हंजे उलटंच पाह्यलं की." मग मला हसू येईना.

महिनाभराने त्याच गाडीच्या गार्डाने प्रोफेसरांचा निरोप आणला. "वो बशीवाले मास्तर को बोलो, बाकी चक्कर हैदराबाद आके दिखाओ." मास्तर प्लॅटफॉर्मवरच रडले. मीही रडलो, लपवायचं कशाला?

जायच्या दिवशी त्यांनी डब्याच्या दारात उभं राहून चहाची बशी मागितली. चहावाल्याने ती आनंदाने भेट दिली. मास्तरांनी एक चक्कर घेतली, आणि गाडी हलताच बशी माझ्या हातात दिली.

"अन् दुसरी?" मी ओरडलो.

"वापस आल्यावर!"

ते वापस आले नाहीत. पहिल्याच उन्हाळ्यात तिकडे विषमज्वराने गेले.

बशी माझ्याकडेच आहे. घरात कोणी नसलं की तिच्यात चहा ओततो आणि तळहातावर घेतो. एक चक्कर आता मलाही जमते. मग कोपर वर धरून थोडा वेळ तसाच उभा राहतो, आणि बशी दुसऱ्या हाताने उतरवून ठेवतो.