दाण्यांच्या वासाचं वाळवंट

लोणावळ्यात भाद्रपदात वाळवंट उभं करायचं म्हणजे काय, ते ज्यानं केलं त्यालाच ठाऊक. मी केलंय. अहो, काडेपेटीतली काडी पेटायची मारामार, भिंतींना बुरशी, मिठाच्या बरणीत पाणी, ट्रंकेतल्या कपड्यांना कुबट वास, आणि माझं नाटक घडतं कुठं, तर जिथं थेंबभर पाण्यासाठी माणसं तडफडतात तिथं! दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. मिसरूड नुकतं फुटलं होतं आणि डोक्यावर पुरता परिणाम झाला होता.

परिणाम कादंबऱ्यांचा. आमच्या वाचनालयात एक अख्खं कपाट त्यांनी भरलेलं होतं. वाळूत गाडलेली थडगी, शापित राजे, उंटावरून पाठलाग, आणि दाढीवाला प्राध्यापक कुदळ मारतो तेव्हा होणारा तो खण्णकन आवाज. तो आवाज माझ्या कानात जो बसला तो बसलाच. जेवताना वाटीला पळी लागली तरी मी दचकून उठायचो. आई म्हणायची, "याची एकदा दृष्ट काढायला हवी." शेवटी ते सगळं कपाट डोक्यात घुसळून मी स्वतःचं नाटक लिहिलं आणि आळीच्या गणपतीत करायचं ठरवलं.

वडील स्टेशनवर बुकिंग क्लार्क होते. माझ्यासाठी त्यांनी रेल्वेत, अगदी स्वतःच्या शेजारच्या टेबलाची जागा बोलून ठेवली होती. इकडे पुण्याच्या एका नाटक कंपनीनं मला उमेदवारीला बोलावलं होतं. घरात आठवडाभर धुमश्चक्री झाली. अखेर वडील म्हणाले, "ठीक आहे. तुझं हे नाटक शेवटचा पडदा पडेपर्यंत नीट पार पडलं, तर जा पुण्याला. मधेच फिसकटलं, तर सोमवारपासून माझ्याबरोबर ऑफिसात यायचं. मग कुरकुर चालणार नाही." वडील शब्दाला इतके पक्के, की गाडी उशिरा आली तर स्वतः खोटं बोलल्यासारखे ओशाळायचे. तेव्हा माझं सगळं आयुष्य आता त्या एका पडद्याला लटकलं होतं.

पहिला प्रश्न वाळूचा. इंद्रायणीतून पाट्या भरून आणली, तर तिचा नुसता गारा! ती वाळवायला चुलीपाशी पसरली, तर आईनं उलथनं उगारलं. मग एकाएकी डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अख्ख्या लोणावळ्यात कोरडी वाळू एकाच जागी होती, भडभुंज्याच्या भट्टीवर! दाणे-फुटाणे भाजायची ती काळपट, गरमागरम वाळू. त्याच्या हातापाया पडून ती मिळवली. वाळवंट झकास झालं, फक्त त्याला भाजलेल्या दाण्यांचा खमंग वास यायचा. तालमीत तहानेनं मरणाऱ्या माणसाच्या तोंडाला पाणी सुटायचं आणि तो वाक्यं विसरायचा.

उंट म्हणून कुरवंड्याचे दोघे दूधवाले भाऊ मिळाले. अंगावर घोंगडी, आत वशिंडाच्या जागी कोंबड्या झाकायचं डालगं. पुढचा भाऊ उत्साही, मागचा वैतागलेला. "आमी रोज डोंगर उतरून दूद आनतो, आन् हितं येऊन पुन्यांदा ह्याच्या मागं वाकून चालायचं व्हय?" असं उंटाच्या मागल्या भागातून ऐकू यायचं.

आणि मग राजा. तिसऱ्या प्रवेशात प्राध्यापक वाळू उकरतो, पेटी उघडतो, आणि आत हजारो वर्षांचा राजा, पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळलेला, चेहरा सोन्याचा. सोनेरी बेगड चिकटवली, ती दमट हवेनं तासाभरात सुटून हातात आली. रंगाची पूड कालवली, तिचे ओघळ झाले. आमच्या हवेत टिकेल असा रंग आणायचा कुठून? तेव्हा रंगभूषा करणारा मित्र म्हणाला, "अरे, बांधाबांधावरचे देव चार महिने पावसात उभे असतात. त्यांचा रंग जातो का?" व्वा! आम्ही त्याला खांद्यावर घेऊन नाचलो. तेलात शेंदूर कालवला. वर पत्र्याचे दोन टपोरे डोळे कापून चिकटवायचं ठरलं. याचा पुढे काय अर्थ होणार आहे, हे आमच्यातल्या एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही!

ऐन दिवशी राजा होणारा पोरगा म्हणाला, "जित्या माणसाला पांढऱ्या कापडात गुंडाळतात का? आईनं शपथ घातलीय." गेला निघून! म्हणून मीच राजा झालो. जुन्या धोतरांच्या पट्ट्या पोटऱ्यांपर्यंतच पुरल्या, पावलं उघडी राहिली. पेटीत आडवा झालो, पापण्यांवर पत्र्याचे डोळे बसले, आणि मला दिसायचं बंद झालं.

नाटक दिवसाउजेडी, रेल्वेच्या मालाच्या पत्र्याच्या शेडमध्ये. वर पाऊस असा बडवत होता की नट बेंबीच्या देठापासून ओरडत होते, "पाणी! पाणी! क्षितिजापर्यंत पाण्याचा थेंब नाही!" शेड गच्च भरलेली, कुरवंड्याची, भुशीची माणसं इरली बाहेर ठेवून आलेली. पहिल्या रांगेत खुर्चीवर वडील. उंट आला तेव्हा असा काही हशा झाला की मागचा भाऊसुद्धा खूश होऊन दोन फेऱ्या जास्त चालला. मी पेटीत पडल्या पडल्या मनातल्या मनात पुण्याचं तिकीट काढत होतो.

मग कुदळ पडली. खण्णकन! पेटी उभी केली, झाकण उघडलं. आणि मग मागून एका बाईचा आवाज आला, "आगं बया! भुईतनं द्येव निगाला!"

झालं! शेंदूर फासलेला, टपोऱ्या डोळ्यांचा, खोदताना सापडलेला. आमच्या मावळात याला दुसरं काय म्हणतात? बरं, माणसं खुळी नव्हती, नाटक आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण नाटकातला झाला तरी द्येव तो द्येव, पाया पडल्याबिगर कसं राहायचं? जोडे काढून सगळी शेड उठली. प्राध्यापक शापाचं भाषण करत होता, त्याला कोणीतरी म्हणालं, "मास्तर, वाईच बाजूला व्हा." पडदा पाडायला कोणी धावलं, तर पडद्याची दोरी पावसानं फुगून कप्पीत अडकलेली. हाय रे देवा! माझं पुणं बुडालं.

रेटारेटीत वडिलांचा तो तिकिटाच्या खिडकीवरचा खणखणीत आवाज आला, "एकेक करून! रांग धरा! ढकलाढकली करू नका!" नाटक फिसकटलं हे त्यांनीच जाहीर केलं असं मला वाटलं. हलता तर येईना. पायांवर गार पाणी पडलं, हळद पडली, नारळ आपटला. "माजी म्हस आटलीया, तिला पान्हा फुटू दे." "सून माज्याशी बोलत न्हाई, तिला बुद्दी दे." पाठोपाठ त्याच बाईची सून आली! "सासूबाई लय बोलत्यात, त्यांस्नी जरा गप कर." हसू दाबता दाबता माझ्या बरगड्या दुखायला लागल्या.

रांग सरत आली. मग माझ्या डाव्या अंगठ्यावर एक हात टेकला आणि तिथंच थांबला. त्या अंगठ्याचं नख लहानपणी तुटलं ते पुन्हा धड उगवलंच नाही. ते नख ओळखणारा तो हात वडिलांचा होता. ते हळूच बोलले, मला तेवढं ऐकू येईल असं.

"देवा, पोराला पुण्याला जायचंय. जाऊ दे. ऑफिसचा हट्ट मी माझ्यासाठीच धरला होता. दुपारचा डबा एकट्यानं खायचा फार कंटाळा येतो. शेजारच्या टेबलाशी हा असता तर बरं वाटलं असतं, एवढंच. बाकी काही नाही."

मी राजा होतो, हजारो वर्षांचा मेलेला होतो, आणि तरी मला रडू फुटलं. काय करणार? पत्र्याच्या डोळ्यांखालून पाणी निघालं आणि शेंदरावरून हनुवटीपर्यंत आलं.

"आवं, पळत या! द्येवाच्या डोळ्यांस्नी पानी आलं!"

जो गलका उसळला म्हणता! सगळी माणसं परत फिरली, घंटा वाजल्या, उंटाचे दोन्ही भाग वेगवेगळ्या दिशांनी माझ्या पायावर येऊन पडले. त्या गर्दीत वडील हात पसरून माझ्यापुढे उभे राहिले आणि ओरडत राहिले, "मागे व्हा! देवाला हवा लागू द्या!" पडदा काही शेवटपर्यंत पडला नाही.

घरी आईनं खोबरेल चोळलं, साबण चोळला. चार महिन्यांच्या पावसाला न जुमानणारा तो रंग साबणाला काय दाद देणार! सोमवारी माझे दोन्ही कान केशरीच होते. तशा कानांनी मी स्टेशनवर गेलो. देवापाशी 'जाऊ दे' म्हटलेलं वडिलांनी मोडलं नाही; दुपारच्या गाडीनं पुण्याला जायचं होतं, पण गाडीला अवकाश होता. शेजारच्या टेबलाची खुर्ची ओढली आणि वडिलांच्या डब्यासमोर बसलो. डब्याबद्दल देवाला सांगितलेलं मला कसं कळलं, हे त्यांनी विचारलं नाही. बटाट्याची भाजी त्यांनी निम्मीहून जास्त माझ्याकडे सारली.

खाता खाता म्हणाले, "नाटक बरं होतं. पण एक सांगू का? इतकी माणसं इतके दिवस वाळवंटात खोदतायत, आणि अख्ख्या नाटकात कोणी जेवायला बसत नाही. तेवढं सुधार."

ते मी सुधारलं. पुढे पुष्कळ नाटकं लिहिली, दोन-तीन पुन्हा वाळवंटातलीच. प्रत्येकात मधेच कोणीतरी डबा उघडतं आणि शेजारच्याला म्हणतं, "ये, बस."