स्क्रीनवरून काढलेली ओळ

शेवगाव तालुक्यातल्या एका दूध संस्थेच्या बैठकीत सुनंदा नावाच्या मुलीची नोकरी गेली, तेव्हा मी तिच्या शेजारच्या खुर्चीत बसलो होतो. तिची चूक नव्हती, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. मी ते सांगितलं नाही. ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही, बायकोलाही नाही.

नव्वदच्या दशकाचा मध्य. पुण्यातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत मी मार्केटिंगला होतो आणि नगर जिल्हा माझ्याकडे होता. आमचं प्रॉडक्ट म्हणजे जनावरांचे आजार ओळखणारी ‘एक्स्पर्ट सिस्टिम’. आज ज्याला सगळे एआय म्हणतात, त्याच घराण्यातली ही जुनी शाखा. अनुभवी डॉक्टरांना विचारून आम्ही नियम लिहून घेतले होते. जर गाय खात नसेल आणि जर अंग तापलेलं असेल, तर अमुक आजाराची शक्यता. कंप्युटर एकेक प्रश्न विचारतो, ऑपरेटर उत्तर भरतो, शेवटी स्क्रीनवर आजाराचं नाव आणि उपचार येतो. जे नियमांत नाही, ते त्याला कळत नाही. प्रकरण एवढंच होतं.

एवढंच सांगितलं असतं तर एकही सिस्टिम खपली नसती. म्हणून माझी तीन भाषणं होती. संचालकांना मी म्हणायचो, हा डॉक्टर रजा घेत नाही आणि बदली मागत नाही. डॉक्टरांना म्हणायचो, हा तुमचा असिस्टंट, निर्णय तुमचाच. आणि गायीम्हशींच्या मालकांना सांगायचो, मोठमोठ्या डॉक्टरांचं डोकं या डब्यात भरलंय, माणूस चुकेल पण हा चुकणार नाही. तिसरं भाषण सगळ्यांत छोटं होतं आणि सगळ्यांत जास्त चालायचं. एकाच डब्याविषयी तीन ठिकाणी तीन गोष्टी सांगायच्या, याला आमच्याकडे ‘ऑडियन्स ओळखणं’ म्हणत.

पहिला मोठा डेमो राहात्याला झाला. तिथल्या एका संस्थेच्या चेअरमननी मुद्दाम आडवेतिडवे आजार विचारले. दोनदा स्क्रीनवर मराठीत ओळ आली: ‘माहिती अपुरी. सांगता येत नाही. डॉक्टरांना दाखवा.’

चेअरमन मागे वळून संचालकांना म्हणाले, “हे तर आमच्या मेव्हण्यावानी झालं. त्यो बी काय इचारलं तरी सांगता येत न्हाई म्हंतो. पन त्याला लाइट लागत न्हाई.”

सगळे हसले. ऑर्डर गेली.

परतीच्या जीपमध्ये माझे वरिष्ठ बर्वेसाहेब म्हणाले, “गिऱ्हाइकाला उत्तर हवं असतं. तू मार्केटिंगचा माणूस. तूच ठरव काय करायचं ते.”

मी ठरवलं. दुसऱ्या दिवशी आमच्या प्रोग्रॅमरला सांगितलं, ती ओळ काढून टाक. नियम बसत नसेल तर त्यातल्या त्यात जवळचा आजार दाखव.

तो म्हणाला, “म्हणजे अंदाज दाखवायचा?”

“हो.”

“मग समोर ‘अंदाज’ असं लिहू?”

“नको. नाव तेवढं दाखव.”

“पण लोकांना कळणार कसं, की हे नक्की नाही म्हणून?”

“लोकांना समजावणं माझं काम आहे,” मी म्हणालो.

ते काम मी कधीच केलं नाही.

ओळ काढल्यावर डेमो झकास व्हायला लागले. शेवगावकडच्या त्या संस्थेने तर एका बैठकीत होकार दिला. कंप्युटरसाठी वेगळी खोली केली, खिडक्यांना पडदे लावले. धूळ नको म्हणून चपला बाहेर काढायचा नियम मीच घातला होता. त्याचा परिणाम काय होईल, याचा मी विचार केला नव्हता. लोक अनवाणी आत यायचे, हात जोडून उभे राहायचे. पहिल्या दिवशी कुणीतरी मॉनिटरला हळदकुंकू लावलं. मी त्याचा फोटो काढला आणि कंपनीच्या माहितीपत्रकावर छापला.

सुनंदा त्या संस्थेची ऑपरेटर. बौद्ध वस्तीतली, बारावीनंतर नगरला कंप्युटरचा कोर्स केलेली. तिच्या घरातली ही पहिली टेबलखुर्चीची नोकरी. ती आली तेव्हा ओळ काढून झाली होती, त्यामुळे अशी काही ओळ होती हेच तिला माहीत नव्हतं. ट्रेनिंग मी दिलं. मी तिला बजावलं होतं, “स्क्रीनवर येईल ते वाचून दाखवायचं. स्वतःच्या मनाचं काही सांगायचं नाही.”

दिवाळीनंतर हिराबाई नावाची बाई आली. तिची एकच संकरित गाय होती, त्याच दुधावर घर चालायचं. गाय खात नव्हती, उभ्या उभ्या कण्हत होती, उतारावरून चालायला तयार नव्हती. कण्हण्याबद्दल आणि उताराबद्दल आमच्या सिस्टिममध्ये प्रश्नच नव्हता. कंप्युटरने विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं सुनंदाने भरली. नियम पुरता बसला नाही, म्हणून त्यातल्या त्यात जवळचं उत्तर आलं: अपचन. पाचक चूर्ण द्या.

गायीला गुण येईना, म्हणून हिराबाई पुन्हा आली. पुन्हा अपचन. ती म्हणाली, “बाई, डॉक्टरला बोलवू का मग?”

सुनंदा म्हणाली, “कंप्युटर तर अपचनच म्हनतोय, मावशी.”

गाय मेली. सरकारी डॉक्टरांनी फाडून पाहिली तर पोटात तारेचा तुकडा निघाला. चाऱ्यातून गेलेला, छातीचा पडदा भेदून काळजापर्यंत पोचलेला. जनावरांच्या डॉक्टरांना हा प्रकार चांगला ठाऊक असतो. आमच्या नियमांत तो नव्हता. ती ओळ असती, तर स्क्रीनने पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, डॉक्टरांना दाखवा.

बैठक लागली. बर्वेसाहेबांनी मला पाठवताना बजावलं, “आणखी दोन सेंटरची ऑर्डर अडकली आहे. जपून बोल.”

हिराबाई दारात बसली होती. ती म्हणाली, “मी डॉक्टरला बोलवनार हुते. मशिनीनं नको म्हनलं.”

“मशीन कुनाला नको म्हनत नसतंय,” चेअरमन म्हणाले. या संस्थेच्या चेअरमनना सगळे अण्णा म्हणत. “ते चुकत बी न्हाई. या सायबांनीच सांगितलंय आपल्याला. मग चुकलं कोन?”

एक संचालक सुनंदाकडे न बघता म्हणाला, “त्या वस्तीतली पोरगी घेतली, तवाच म्या म्हनलो हुतो.”

सुनंदाने मान वर केली. “अण्णा, जे इचारलं तेच भरलं. सरांनी शिकवलं तसंच केलं. सरांना इचारा.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी म्हणालो, “सिस्टिम बरोबर चालते. मात्र तिच्यात माहिती जशी भरली जाते...”

वाक्य मी अर्धवट सोडलं. पुढचं त्यांनी पूर्ण केलं.

त्या संचालकाची मला आजही चीड येते. बर्वेसाहेबांची येते. ‘त्या वस्तीतली’ हे शब्द ऐकून खाली बघत चहा ओतून घेणाऱ्या बाकीच्यांचीही येते. पण त्या माणसाला त्याचा जुना विषारी पूर्वग्रह चालवायला आयतं कारण मी पुरवलं. मशीन चुकत नाही हे मी आधीच पटवून ठेवलं होतं, मग उरली ती मुलगी. गेली काही वर्षं लोक मला विचारतात, हे नवं एआय किती भरवशाचं? मी एवढंच म्हणतो: यंत्र चुकत नाही असं कुणी सांगायला लागलं, की चुकीचं खापर फोडायला माणूस ठरलेला आहे असं समजा.

सुनंदाला त्याच दिवशी काढलं. आम्हाला दोन सेंटरची ऑर्डर मिळाली आणि मला प्रमोशन. हिराबाईला संस्थेने काही दिलं की नाही, हे मी विचारलंही नाही. पुढे कंपनीने ते प्रॉडक्टच बंद केलं.

सुनंदाचा भाऊ शेवगावात झेरॉक्सचं दुकान चालवतो. ती कुठे असते हे त्याला विचारणं अवघड नाही. दोनदा मी त्या दुकानासमोरून गेलो आणि थांबलो नाही.

चूक तुझी नव्हती, माझी होती, हे तिच्या तोंडावर आणि त्या संस्थेच्या माणसांसमोर उभं राहून सांगणं, एवढं मी तिचं देणं लागतो. ते अजून बाकी आहे.